निलचारीच्या आधीची भाजी

कार्यालयातल्या टेबलावर बसून मी एकदा एका गावाचे जंगल लिहून काढले. त्या गावात तोपर्यंत माझे पाऊल पडलेले नव्हते. ही गोष्ट इतकी वर्षे मी कोणाला सांगितली नाही. आता सांगतो, कारण त्या जंगलात काय आहे हे जिला खरोखर ठाऊक होते ती बाई आज हयात नाही.

२०२० सालचा जानेवारी महिना. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका कार्यालयात लिपिक होतो, आजही लिपिकच आहे. महिनाअखेर प्रत्येक ग्रामपंचायतीची ‘लोकजैवविविधता नोंदवही’ तयार पाहिजे, असा वरून निरोप आला होता. ही वही म्हणजे काय, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल. २००२ साली केंद्र सरकारने जैवविविधता कायदा केला. त्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने एक समिती नेमायची आणि त्या समितीने गावकऱ्यांना विचारून गावातली झाडे, पिके, जनावरे, रानभाज्या, औषधी आणि त्याविषयीची लोकांची माहिती एका वहीत उतरवायची. डॉ. माधव गाडगीळांसारख्या शास्त्रज्ञाने या वहीसाठी आयुष्यभर आग्रह धरला. शहरातल्या पदवीधराला जे कळत नाही ते रानात राहणाऱ्या अडाणी समजल्या गेलेल्या माणसाला कळते, ते कागदावर यावे आणि त्याच्या नावाने यावे, हा त्यामागचा विचार. परंतु वर्षानुवर्षे बहुतेक गावांनी वह्या केल्याच नाहीत. शेवटी राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि न करणाऱ्या राज्याला १ फेब्रुवारीपासून महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. मग काय! जे सतरा वर्षांत झाले नाही ते काही आठवड्यांत उरकायचे ठरले.

दुसऱ्या एका जिल्ह्याची तयार वही संगणकावर आली होती. गावाचे नाव बदलायचे, लोकसंख्या बदलायची, तालुका बदलायचा आणि छापायचे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. ताळेबंद जुळवण्यात माझा हातखंडा. ही वहीदेखील मी तशीच जुळवली. शेवटी ‘गावातील जाणकार व्यक्ती’ असा एक रकाना होता. त्यात सरपंच, पोलीस पाटील आणि शाळेचे गुरुजी यांची नावे घातली. रकाना भरला, वही पूर्ण झाली, सही झाली. त्या रात्री मला छान झोप लागली, हेही खरे सांगितले पाहिजे.

त्यानंतर अडीच वर्षांनी, २०२२ च्या आषाढात, मी त्याच भागात गेलो. या खेपेला नोकरीसाठी नव्हे. आम्ही काही कार्यकर्ते सुट्टीच्या दिवशी पाड्यांवर मुलांचे अभ्यासवर्ग घेतो. मुलांना गणित शिकवायचे आणि मोठ्यांशी भगत, भूत, डाकीण या विषयांवर बोलायचे, असा आमचा कार्यक्रम. सातपुड्यात डाकीण ठरवून बाईला मारहाण होण्याचे प्रकार घडले आहेत, त्यामुळे हे काम आम्हाला निकडीचे वाटते आणि ते आजही चालू आहे. मोलगीच्या पुढे एका पाड्यावर, भिल्ल कुटुंबात आमचा मुक्काम पडला. घरात सत्तरीच्या पुढची एक म्हातारी होती. तिला सगळे ‘याहा’ म्हणत. तिकडच्या भिल्ल बोलीत याहा म्हणजे आई. ज्या देवीने दुष्काळात लोकांना धान्य दिले अशी कथा आहे, ती याहामोगी म्हणजे मोगी आईच. शिवरात्रीला गुजरात हद्दीतल्या देवमोगऱ्याला तिची जत्रा भरते, तेव्हा बांबूच्या टोपल्यांत धान्य घेऊन चाललेली माणसे आपण रस्त्याने पाहिली असतील.

जेवायला मक्याची भाकरी, उडदाची आमटी आणि मिरची होती. सलग दोन दिवस तेच. बाहेर तर पावसाने सगळे हिरवे झालेले. दारापासून दहा पावलांवर तरोट्याची कोवळी रोपे दाट उगवलेली. माझ्या मनात आले, एवढी भाजी दारात असताना ही माणसे कोरडी आमटी का खातात? जिल्ह्यातल्या बालकांच्या कुपोषणाबद्दल आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. मी उठलो, लहानपणी आईबरोबर खुडायचो तसा ओंजळभर पाला खुडला आणि सुनेच्या पुढे धरला.

तिने हात पुढे केला नाही. घरातली मुले माझ्याकडे बघायची थांबली. कोपऱ्यातून याहाने नातवाला काहीतरी सांगितले. नातू आश्रमशाळेत नववीला होता. तो खाली मान घालून मराठीत म्हणाला, “सर, अजून निलचारी झाली नाही.”

निलचारी हा पावसाळ्यातला हिरव्या चाऱ्यापाल्याचा सण. पंचांगातली तिथी त्याला नसते. गावाचे पुजारी आणि जुनी माणसे बसून दिवस ठरवतात, त्यामुळे या गावचा दिवस आज तर शेजारच्या गावचा चार दिवसांनी. त्या दिवसापर्यंत रानातली नवी भाजी कोणी खात नाही. त्या गावात तर सागाचे नवे पानही तोपर्यंत कोणी तोडत नाही, असे मला नंतर कळले. पहिला घास निसर्गाला, मग माणसाला.

मी हे ऐकले आणि माझ्यातला कार्यकर्ता जागा झाला. नैवेद्य या शब्दाची मला लहानपणापासून चीड आहे. ज्यांनी आमच्या आजोबा-पणजोबांना गावजेवणात वेगळे बसवले आणि उष्टे खायला घातले, त्यांच्या घरी देवाचा नैवेद्य कधी चुकला नव्हता. मी अर्धा तास बोललो. मुले उपाशी आणि भाजी देवासाठी राखायची, हा कोणता न्याय, असे विचारले. भाषण चांगले झाले असावे, कारण माझे सहकारी माना डोलवत होते.

याहाने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग नातवाकडून एवढेच विचारले, “भाऊ, गाभण बकरी कोणी कापते का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला डोंगरावर घेऊन गेली. पाय सुजलेले, हातात काठी, पण मी धापा टाकत होतो आणि ती पुढे. एका उतारावर गवतासारखी लांब हिरवी पाने होती. ती सफेद मुसळी. हिच्या पानांची भाजी होते आणि मुळ्या औषधात जातात. याहाने काठीच्या टोकाने एका रोपाभोवतीची माती अलगद उकरली. खाली बोटांसारखी मुळे होती, पण सुरकुतलेली, पिचकी. शेजारी नव्या मुळांची बारीक पांढरी टोके नुकती फुटलेली. ती बोलत होती, नातू सांगत होता. पहिले पान मुळातले साठवलेले खाऊन वर येते. तेव्हा खाली घर रिकामे असते. मग पान उन्हापावसात वाढते आणि मुळाचे देणे परत करायला लागते. पहिलेच पान खुडले तर मूळ रिकामेच राहते, पुढच्या वर्षी रोप नाही. थोडे दिवस थांबले तर पानही खा आणि रोपही राहते. एवढे दाखवून तिने माती पुन्हा ओढून घेतली आणि हाताने थापटली.

माझ्या मुलीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात हेच लिहिले आहे, फक्त शब्द वेगळे आहेत.

तरोटा तर बी पडेल तिथे उगवतो, त्याला कशाला थांबायचे, असे मी विचारले. हट्ट माझ्या अंगात आहे. त्यावर ती हसली. एका भाजीला सूट दिली की पोरे सगळ्या भाज्यांना हात लावतील, असा तिच्या बोलण्याचा अर्थ होता. शिवाय लवकर उगवणारे सगळेच खायचे नसते, एकसारख्या दिसणाऱ्या पानांत एखादे वाईटही असते, पान मोठे झाल्यावर फरक कळतो. मुलांच्या उपासाचे उत्तर तिने मला दिले नाही. त्या दिवसांत उडीद आणि मका पुरेसे असले तर थांबता येते, नसले तर थांबणे जड जाते, हे तिच्या सुनेने मला नंतर एकटीला सांगितले. तेही इथे लिहून ठेवतो.

परतीच्या गाडीत मला माझी आई आठवत राहिली. आमचे मूळ गाव शहादा तालुक्यातले. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा मोठा सण. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, आमरस आणि सांजोऱ्यांचे जेवण करतात, आणि बहुतेक घरांत त्याआधी आंबा तोंडात घालत नाहीत. आमच्या घरात धम्म आला तशी घागर गेली. वडिलांनी पितरांचे सगळे प्रकार बंद केले आणि आईने त्यांना साथ दिली. पण आंब्याचा नियम तिने सोडला नाही. आम्ही कैऱ्या पाडून पिकत घालायला निघालो की ती ओरडायची, “आखाजी व्हऊ दे, मंग खाय.” वडील एकदा चिडून म्हणाले, पितर गेले, आता कोणासाठी राखतेस? ती म्हणाली, पितरांसाठी नाही, कोय धरली नाही तोवर आंबा कसला! कोवळा पाडलेला आंबा पिकत नाही, सुरकुततो, आणि त्याची कोय पुरली तर उगवत नाही. बांधावरची आमची दोन्ही रायवळ झाडे तिने उकिरड्यावर उगवलेल्या कोयींपासून वाढवली होती. हे मी डोळ्यांनी पाहिलेले होते, तरीही याहाच्या घरात अर्धा तास भाषण करताना मला ते आठवले नाही.

न आठवण्याचे कारणही सांगतो. आईची रानभाजी ही आमच्या लेखी गरिबीची खूण होती. तरोटा, घोळ, माठ, कुरडू खुडून ती पदरात आणायची आणि शाळेत मी डब्याचे झाकण अर्धे ठेवून जेवायचो. एकदा एका मुलाने “तरोटेखाऊ” असे नाव ठेवले. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी फ्लॉवर आणि वाटाणे घेऊन गेलो होतो. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आले, तेव्हा आपल्या समाजातल्या अनेकांनी पहिल्यांदा स्वतःच्या चुलीवरचे मोकळेपणाने सांगितले. मी ते पुस्तक वाचले, वाहवा केली, आणि तरी आईला कधी विचारले नाही की तू कोणती भाजी कधी खुडायचीस आणि कधी नाही.

निलचारीच्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा त्या पाड्यावर गेलो. तिथल्या कोंबड्याचे आणि मोहाच्या दारूचे समर्थन मी करणार नाही. दारूने सातपुड्यातली किती घरे बसली ते आम्ही पाहतो. आणखी एक गोष्ट खटकली. पूजेच्या जागी पुरुष गेले. पाने ओळखणाऱ्या, कोणत्या भाजीला दोनदा उकळून पाणी फेकायचे हे जाणणाऱ्या बायका घरी थांबल्या. याहाला मी हे बोलून दाखवले. ती म्हणाली, “ते पूजा करतात, आम्ही शिजवतो. आम्ही नाही शिजवले तर ते काय खातील?” यात तक्रार होती की अभिमान, मला ठरवता आले नाही.

पण एक गोष्ट त्या दिवशी लख्ख दिसली. सबंध गाव एकाच सकाळी रानात उतरले. त्याच्या आदल्या दिवशी कोणाच्याही टोपलीत एक पान नव्हते. म्हणजे शर्यत नव्हती. हे महत्त्व कळायला चारोळीकडे पाहावे. चारोळीला बाजारात चांगला पैसा आहे. ज्या रानात असा ठरलेला दिवस राहिला नाही, तिथे मी आज तोडली नाही तर उद्या दुसरा तोडील, या भीतीने लोक हिरवी फळेच ओरबाडतात, फांद्यासुद्धा तोडतात. बी नीट भरत नाही, दाम कमी मिळतो आणि झाडही जाते. मुसळीचे तर याहून वाईट झाले. पानाला निलचारी आहे, पण मुळीला व्यापाऱ्याचा काटा. मुळी खणायची म्हणजे रोपच उपटायचे. कित्येक रानांतून मुसळी खणून खणून दिसेनाशी झाली. याहा म्हणाली, तिच्या लग्नाच्या वेळी ज्या उतारावर पाय ठेवायला जागा नव्हती तिथे आता शोधावे लागते. खणणारे कोण होते, असे मी विचारले. “आमचीच पोरे,” ती म्हणाली. “पोटासाठी.”

तिसऱ्या खेपेला मी धीर करून ती छापील नोंदवही सोबत नेली. ओसरीवर पंधरा-वीस बायका आणि नातू. तो एकेक नाव वाचू लागला. काही नावे कोकणातली. तिकडे तरोट्याला टाकळा म्हणतात, ते टाकळा म्हणूनच राहिले होते. नातवाने वाचले आणि बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग तो एका शब्दाला अडला. “सर, खारफुटी म्हणजे काय?”

खारफुटी म्हणजे समुद्राच्या खाडीत खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडे. सातपुड्याच्या तिसऱ्या रांगेत, समुद्रापासून दीड-दोनशे किलोमीटरवर, मी खारफुटी लावली होती. मी अर्थ सांगितला तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या, मीही हसलो. याहा मात्र हसली नाही. तिने विचारले, “मग यात आमचे काय आहे?” नातवाने पाने उलटली आणि शेवटी जाणकारांची नावे वाचली. सरपंच, पोलीस पाटील, गुरुजी. गुरुजी तर बदलून आलेले, सांगली जिल्ह्याचे. भल्या माणसाला मोहाचे झाड ओळखता येत असेल तर देव जाणे. असे माझ्या तोंडून आपले सवयीने निघाले!

मग मी बाजारातून दोनशे पानी वही घेतली. २०२२ आणि २०२३ मध्ये सुट्टीच्या दिवशी जमेल तसे गेलो. बायका सांगायच्या, नातू लिहायचा, मी रकाने आखायचो. भाजीचे बोलीतले नाव, कुठे उगवते, कोणता भाग खायचा, कसे शिजवायचे. पाचवा रकाना याहाच्या सांगण्यावरून आखला : कधी खायचे नाही. छापील नमुन्यात असा रकाना मला कुठेच दिसला नव्हता, आणि खरी माहिती तर त्याच रकान्यात भरत गेली. अमुक कंद फूल असताना खणू नये. अमुक वेलीचे एका जागचे सगळे तोडू नये, एक शेंडा ठेवावा. बांबूच्या बेटातले सगळे कोंब काढू नयेत. मोहाचे फूल वेचायचे, झोडपायचे नाही. मोर, बर्टी, भादी या बारीक धान्यांचे बी कोणत्या कणसाचे धरायचे आणि राखेत कसे ठेवायचे, हेही आले. धडगाव भागात बायफ संस्थेने शेतकऱ्यांच्या मदतीने मका आणि ज्वारीचे गावरान वाण जपण्याचे काम केले आहे, तिथले बियाणे दाखवले तेव्हा बायकांनी त्यातल्या दोन वाणांना त्यांच्या नावाने हाक मारली.

एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पाला मंजुरी दिली. गावरान पिकांचे वाण, देशी जनावरे, वनहक्काखालची जंगले असे त्याचे सात विषय आहेत. योजना चांगली आहे. पण योजनेचा कागद शेवटी माझ्यासारख्याच एखाद्या लिपिकाच्या टेबलावर येणार, ही मला धास्ती वाटते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन पुरावा म्हणून धरले आहे. म्हणजे याहाच्या तोंडच्या शब्दाला कायद्याने किंमत दिली होती. लिहून घेणाऱ्याने दिली नव्हती.

वहीत ३८ भाज्या आणि कंद झाले, तेव्हा मी छापील नोंदवहीत दुरुस्ती व्हावी असा अर्ज केला. खारफुटी काढावी, ही नावे घालावीत आणि जाणकारांत याहाचे नाव घ्यावे. अर्जाची पोच मिळाली. पुढे तोंडी सांगण्यात आले की पाचवा रकाना नमुन्यात बसत नाही, आणि नमुन्याबाहेर जाता येत नाही. तसे सांगणारा माझाच मित्र. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच सांगितले असते.

याहा २०२४ च्या उन्हाळ्यात गेली. मला निरोप उशिरा मिळाला. गेलो तेव्हा सुनेने पाणी दिले आणि दारातल्या आंब्याखाली खाट टाकली. नातू आता नंदुरबारला कॉलेजात आहे. वही माझ्या घरी असते. माझी मुलगी ती स्वच्छ अक्षरात उतरवते आहे. माझी आई, आता डोळ्यांना कमी दिसते तरी, मुलीकडून एकेक पान वाचून घेते आणि मध्येच म्हणते, हे आमच्याकडेही होते, आम्ही याला दुसरे म्हणायचो. मुलीने त्यासाठी सहावा रकाना आखला आहे.

वहीत सहा नावे अशी आहेत, की ती याहाने सांगितली, पण दाखवायची राहून गेली. नुसते बोलीतले नाव आणि पुढे रिकामी ओळ. गेल्या महिन्यात मी सुनेला विचारले, तुला माहीत आहेत का? चार माहीत आहेत म्हणाली. आता दाखवतेस का, असे विचारले तर तिने माझ्याकडे असे पाहिले की मला माझी ओंजळभर तरोट्याची भाजी आठवली. निलचारी झाली की ये, म्हणाली.